या, बसा, नाव नोंदवा

वेगळ्या मताच्या मतदारांसाठी आमचे दरवाजे सताड उघडे आहेत, असं प्रत्येक पक्ष सांगतो. खोटं नाही ते. २०१४ च्या नोव्हेंबरात भाजपने सदस्यनोंदणी सुरू केली तेव्हा एक मिस्ड कॉल पुरे होता. सोय उत्तमच, मिस्ड कॉलमध्ये मत मांडायची भानगडच नाही!

पक्षप्रवेशाचा सोहळा पाहा. ज्याच्याविरुद्ध काल मोर्चा काढला, त्याच्या गळ्यात आज उपरणं पडतं. पेढा भरवला जातो. फोटोग्राफर दोनदा ‘साहेब, इकडे’ म्हणतो, तोवर पेढा ओठांपाशीच. पाहुणे अर्थातच ‘विकासासाठी’ आलेले. मागे टाळ्या वाजवतो तो सतरंज्या उचलण्यात केस पिकलेला निष्ठावंत. तिकीट कुणाला, हे त्याला पेढ्यावरूनच कळतं.

खरोखरच वेगवेगळ्या मतांची माणसं १९७७ मध्ये जनता पक्षाने एका मांडवात आणली होती. जनसंघी, समाजवादी, संघटना काँग्रेसवाले, चरणसिंगांचे अनुयायी, सगळेच. जनसंघींनी पक्षात राहून संघातही राहावं का, हा दुहेरी सदस्यत्वाचा वाद पेटला, १९७९ मध्ये मोरारजी देसाईंचं सरकार गेलं. तेव्हापासून पक्ष शहाणे झाले: माणूस आत, मत बाहेर.

तरी एखादा भाबडा मतदार म्हणतोच, “दादा, पाणीपट्टीबद्दल माझं जरा वेगळं म्हणणं आहे.”

“अहो, मांडा की काका! आपल्या पक्षात लोकशाही आहे. आधी बूथ कमिटीत नाव द्या. आणि घरात एकूण मतं किती?”