पंधरा अंशांचा कोट

मांडव्यापासून अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा, मुरूड अशा क्रमाने हरिहरेश्वरापर्यंत जाणाऱ्या रायगडच्या किनारपट्टीवर जाड लोकरी कोट बाळगणारा गृहस्थ साधारणपणे आळीस एक या प्रमाणात आढळतो, आणि तो सर्वांच्या परिचयाचा असल्यामुळे त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. गावपरत्वे त्याला नाना, भाऊ किंवा अण्णा म्हणतात. प्रस्तुत विवेचनात सोयीसाठी त्याला ‘कोटवाले आप्पा’ असे संबोधले आहे. मार्गशीर्ष लागला की हे आप्पा भेटेल त्याला ‘आज जरा गारठा वाटतो, नाही?’ असे विचारतात, आणि समोरचा मनुष्य नुकताच वाडीला पाणी लावून घामाघूम झालेला असला तरी त्याला ‘हो’ म्हणावे लागते, कारण ‘नाही’ म्हणणाऱ्याला हवामानशास्त्रावरील अर्ध्या तासाचे व्याख्यान उभ्याने ऐकावे लागते.

या व्याख्यानाचा गाभा १५ हा आकडा आहे. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याखेरीज शीतलाट, म्हणजे नेहमीपेक्षा असाधारण अशी थंडी, जाहीर होत नाही. किनाऱ्यावर पारा इतका खाली येणे दुर्मिळ असल्याने तेथे ही मर्यादा १५ अंशांवर आणलेली आहे. ही सवलत आपल्या कोटाकडे पाहूनच दिली गेली असावी, अशी आप्पांची श्रद्धा असून १५ अंश झाल्याशिवाय कोट अंगावर चढवायचा नाही, असा त्यांचा नेम आहे. त्याच निकषाची दुसरी अट, म्हणजे तापमान सरासरीहून निदान साडेचार अंशांनी खाली गेलेले असले पाहिजे, ही मात्र त्यांच्या वाचनातून निसटलेली आहे, आणि कोणी ती दाखवून दिलीच तर सरकारी कागद इतका खोलात जाऊन वाचायचा नसतो, एवढेच ते ऐकवतात.

त्यांच्या नेमाला खरा विरोध समुद्राचा आहे. पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे किनाऱ्यावरची हवा फारशी थंड होऊ शकत नाही. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणाऱ्या वाऱ्यांना खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्यांना मतलई वारे म्हणतात. पहाटेच्या मतलई वाऱ्यात जेवढा गारवा असतो तेवढीच या प्रदेशाची थंडी, आणि भर जानेवारीतही अलिबागचे सरासरी किमान तापमान १७-१८ अंशांच्या आसपास रेंगाळते. मधले जे दोन-तीन अंश उरतात, ते मिळवून देण्याची जबाबदारी आप्पांनी स्वतःकडे घेतली आहे. त्यांचा तापमापक प्रथम ओटीवरच्या खांबाला अडकवलेला असे, आणि तेथे तो २० दाखवी. खांबाला चुलीची धग लागते, असा शोध लागल्यावर तो मागील दारी न्हाणीच्या भिंतीवर गेला व १९ दाखवू लागला. तेथून विहिरीच्या रहाटाला आणि रहाटावरून सुपारीच्या वाडीत, पाटाच्या अगदी काठाशी, त्याची बदली झाली, तेव्हा कुठे तो १८ वर आला. वेधशाळेत तापमापक स्टीव्हन्सन पेटीत, म्हणजे झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून ठरावीक उंचीवर ठेवतात, म्हणजे गावोगावच्या नोंदींची एकमेकींशी तुलना करता येते. आप्पांना तुलनेत रस नाही, त्यांना १५ हवे आहेत.

ज्या कोटासाठी हा खटाटोप चालतो, त्याची कुळकथाही पाहिली पाहिजे, कारण या किनाऱ्यावर कोट हे थंडीचे वस्त्र कधीच नव्हते. खऱ्या थंडीला सामोरा जाणारा कोळी पहाटे होडी लोटतो तो बनियन आणि कानटोपी एवढ्या सामग्रीवर. कुडकुडणाऱ्या म्हातारीला गोधडी पुरते. कोट होता तो कचेरीत जाणाऱ्या कारकुनाचा, शाळामास्तरांचा आणि वकिलांचा. अलिबागच्या न्यायालयात काळा कोट घालून उकाड्यात निथळणाऱ्या वकिलाला कोणी हसत नाही, कारण तो कोट ऊब देण्यासाठी नसून अधिकार दाखवण्यासाठी आहे, हे अशिलालाही ठाऊक असते. आगबोटींवर नोकरी केलेले मुरूड-श्रीवर्धनकडचे खलाशी परदेशी बंदरांतून जे जाड कोट घेऊन येत, तेही घरी खुंटीवर टांगण्यासाठीच, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता कळावे की या घरातला माणूस लांब जाऊन आला आहे.

आजच्या आप्पांचा कोट याच परंपरेतला आहे. लेक आणि जावई कॅनडातील एडमंटन येथे स्थायिक झाले, लेकीच्या बाळंतपणासाठी जाण्याचे ठरले आणि आप्पांनी मुंबईला जाऊन राखाडी रंगाचे, हाताला जरा खरखरीत लागणारे लोकरी कापड निवडून गुडघ्यापर्यंतचा कोट शिवून घेतला. कापड निवडायला त्यांना पूर्ण दिवस लागला, कारण लोकरीचा कस कळतो असा त्यांचा दावा आहे, आणि त्या दाव्याला आधार म्हणजे ठाण्याला १९२५ साली निघालेली रेमंडची लोकरी गिरणी त्यांनी एकदा बाहेरून पाहिली होती. प्रत्यक्षात तिकडच्या उणे २५ अंशांत हा कोट अर्ध्या रस्त्यापर्यंतही टिकला नाही, आणि लेकीने दुसऱ्याच दिवशी त्यांना पफर जॅकेट घेऊन दिले. पफर म्हणजे आडव्या फुगीर कप्प्यांचे जॅकेट. त्या कप्प्यांत पिसे किंवा पॉलिस्टरचे तंतू भरलेले असतात आणि त्यांत अडकून पडलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. हे जॅकेट आप्पांनी परत आणले, परंतु त्याच्याविषयी त्यांना जिव्हाळा नाही. त्याला वजन नाही, आणि ज्याला वजन नाही त्यात ऊब कसली, हा त्यांचा पहिला आक्षेप; पॉलिस्टर तर आपल्या जिल्ह्यातच, पाताळगंगेच्या कारखान्यात १९८२ पासून तयार होते, मग ते सातासमुद्रापलीकडून आणण्यात विशेष काय, हा दुसरा. आवडता राहिला तो कोटच, जो परीक्षेत नापास होऊन घरी आला.

कोटाची निगा हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश इतका ओलावा शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. हा गुण हिमालयात उपकारक असला तरी रेवदंड्याच्या पावसाळ्यात तो कपाटाच्या दांडीला वाकवतो. त्यातच कसर, म्हणजे लोकरीवर जगणाऱ्या पतंगाची अळी, लागण्याची भीती असल्याने कोटाच्या प्रत्येक खिशात डांबराच्या गोळ्या आणि अस्तराखाली कडुनिंबाचा पाला असतो. दसऱ्यानंतरच्या कडक उन्हात कोट वाडीत दोरीवर घालून त्याला ऊन दाखवले जाते, आणि तो वास संपूर्ण आळीत पसरला म्हणजे ‘आप्पांचा हिवाळा सुरू झाला’ असे म्हणत बायका आपापली वाळवणे दुसऱ्या बाजूला हलवतात.

इतका नेमधर्म असूनही कोट अंगावर येतो कधी, असा प्रश्न अभ्यासकास पडेल. त्याचे उत्तर वातानुकूलन यंत्रात आहे. किनाऱ्यावरील माणसाला निसर्गाने नाकारलेला हिवाळा विजेने मिळवून दिला, ही गोष्ट आप्पांइतकी कोणी ओळखलेली नाही. मांडवा आणि मुंबईचा भाऊचा धक्का यांच्यामध्ये मार्च २०२० पासून रो-रो बोट, म्हणजे मोटारींसह माणसे वाहून नेणारी बोट, सुरू झाली, तेव्हापासून आप्पा मुंबईला जाताना तिच्या वातानुकूलित कक्षातच बसतात, आणि बाहेरच्या डेकवर सगळे प्रवासी वारा खात असताना आत एकटेच कॉलर वर करून खिडकीतून समुद्राकडे पाहतात. पुढे एसी लोकल, बँक, लग्नाचे सभागृह, अशी त्यांची थंडीची ठाणी ठरलेली आहेत. या सर्व प्रसंगी नेम मोडतो, हे त्यांना मान्य नाही, कारण त्यांच्या मते हवामान विभागाचा निकष उघड्या हवेपुरता आहे. शिवाय असा कोट घातलेल्या माणसाला ‘अलिबागहून आलास का?’ असे, म्हणजे भोळसट समजून, विचारण्याची मुंबईकराची छाती होत नाही, असेही ते सांगतात, आणि ते बरोबर असावे, कारण मुंबईकर त्यांना पाहून प्रथम दुसरेच काही विचारतो.

उघड्या हवेतला एकमेव अपवाद पोपटीचा. पोपटी ही रायगडची हिवाळी मेजवानी. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालून त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, मीठ आणि ओवा यांचे थर देतात, तोंडाशी पुन्हा पाला घट्ट कोंबतात, मडके शेतात पालथे घालतात आणि त्याच्याभोवती पेंढा व काटक्यांचा जाळ करतात. आत पाण्याचा थेंब नसतो. शेंगा पाल्याच्या वाफेवर शिजतात, आणि मडक्यावर शिंपडलेले पाणी चर्रकन उडून गेले की पोपटी झाली असे समजतात. ही पाणी शिंपडण्याची कामगिरी आप्पा मागून घेतात, ती कोटासकट बजावतात, आणि ‘कोट काढा आप्पा, मडक्याआधी तुम्हीच शिजाल’ हे पोरांचे वाक्य दरवर्षी ऐकून घेतात. अशाच एका पोपटीत ठिणगी उडून डाव्या बाहीला वाटाण्याएवढे भोक पडले. त्यावर रफू केलेले आहे; पण रफूचा धागा एक छटा गडद असल्याने आप्पा कोणाशीही बोलताना डावा हात पाठीमागे धरतात, आणि त्यामुळे ते एखाद्या निवृत्त सेनापतीसारखे दिसतात, हा लाभ अनपेक्षित आहे.

दरम्यान तापमापकाची वाटचाल चालूच होती. पाटाच्या काठावरून तो पाण्याच्या माठाला बांधला गेला व १७ वर आला. मग आप्पांनी त्याच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले, आणि पहाटेच्या वाऱ्यात पारा थेट १५ वर उतरला. ओल्या फडक्याचा तापमापक वेधशाळेतही असतो, परंतु तो हवेतील आर्द्रता काढण्यासाठी. पाण्याचे बाष्पीभवन होताना उष्णता खर्च होते, म्हणून तो हवेपेक्षा कमी आकडा दाखवतो. हे आळीतल्या एका शाळकरी मुलीने सांगितले, तेव्हा आप्पांनी अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा दाखला दिला: मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून इंग्रजांनी कुलाब्याची चुंबकीय नोंद १९०४ साली अलिबागला हलवली, याचा अर्थ मोजमापाच्या बाबतीत अलिबागकरावर विश्वास ठेवावा हे जगाने मान्य केले आहे. चुंबकत्वाचा थंडीशी काय संबंध, हे विचारण्यापूर्वीच मुलगी शाळेत गेली. पुढे एकदा तापमापक फ्रिजमध्येही सापडला. तेथे त्याने ६ दाखवले, आणि आप्पांनी स्वतःच ‘ही अतिशयोक्ती झाली’ असा निर्णय दिला. आप्पांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, तो फ्रिजमधून काढून ओटीवरच्या मूळ खांबाला परत अडकवला आणि त्या विषयावर पुन्हा बोलायचे नाही, असे बजावले.

येथपर्यंत आप्पांची थट्टा करणे सोपे आहे. त्यांच्या मोबाइलवर मात्र दोन गावांचे हवामान दिसते, आणि पहाटे उठल्यावर ते प्रथम दुसऱ्या गावाचे पाहतात. अलिबागला उजाडते तेव्हा एडमंटनला आदल्या दिवशीची संध्याकाळ असते, म्हणजे लेक कामावरून घरी निघण्याची वेळ. तिला रोज फोन करणे जमत नाही, आणि आला तरी तो ‘सगळे ठीक’ या दोन शब्दांत संपतो. उणे २२ हा आकडा मात्र न चुकता येतो, त्यावरून रस्त्यावर बर्फ असेल, गाडी सावकाश चालवावी लागेल, नातवाचे कान झाकलेले असतील का, इतके सगळे आप्पांना वाचता येते. त्या आकड्यापुढे आपल्याकडचे २० त्यांना फार लांब वाटतात. तापमापक विहिरीवरून माठावर नेणारा हा मनुष्य त्या दोन आकड्यांतले अंतर दोन-चार अंशांनी तरी कमी करू पाहत होता, असे मानावयास जागा आहे, जरी तसे त्याला विचारल्यास तो डांबरगोळ्यांवर बोलू लागेल.

आप्पांच्या बाजूने आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. या किनाऱ्यावर कोट कोणालाच रोज लागत नाही, परंतु आयुष्यातून आठ दिवस प्रत्येकाला लागतो, आणि त्या आठ दिवसांसाठी सगळी आळी, पोपटीत हसणाऱ्या पोरांसह, आप्पांच्याच दारी येते. ते नाही म्हणत नाहीत. खिशातल्या गोळ्या काढू नयेत, बर्फ झटकावा, चोळू नये, शेकोटीपासून चार हात दूर राहावे, एवढ्या सूचना देऊन कोट सुपूर्द होतो. अशा रीतीने तो वैष्णोदेवीला, काश्मीरला आणि अनेकदा मनालीला जाऊन आला असून अनेक नवदांपत्यांच्या बर्फातल्या छायाचित्रांत नवरा याच कोटात, डावी बाही बायकोच्या पाठीमागे लपवून उभा आहे. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते आणि थंडीही त्याच सुमारास येते, त्यामुळे कोटाच्या मागणीचा आणि आप्पांच्या गरजेचा काळ एकच पडतो, याचा विचार मात्र त्यांनी केलेला नाही.

म्हणूनच एखाद्या वर्षी पौषातल्या पहाटे ओटीवरचा कोरडा, कोणी हात न लावलेला तापमापक खरोखरच १५ दाखवतो, तेव्हा कोट बहुधा मनालीला असतो. आप्पा गोधडी पांघरून ओट्यावर येतात आणि दूधवाल्याला, पहिल्या एसटीला निघालेल्या मास्तरीणबाईंना, जेट्टीवरून परतणाऱ्या कोळणींना ‘पंधरा! आज खरोखर पंधरा!’ असे ओरडून सांगतात. ती सर्व मंडळी थांबतात, त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहतात, आणि ‘कसली थंडी आप्पा, तुम्हीसुद्धा कोट घातलेला नाही’ असे म्हणून आपापल्या वाटेने जातात.