पाटी बसेल तिथे विकास

पुण्यात बाकड्यावर बसण्याआधी ते वाचायची पद्धत आहे. जिथे पाठ टेकायची त्या फळीवर ठसठशीत अक्षरांत नगरसेवकाचे नाव असते, खाली प्रभाग क्रमांक, त्याखाली ‘यांच्या विकासनिधीतून’. माणूस टेकून बसला की नाव झाकले जाते. म्हणून काही दूरदृष्टीची मंडळी ते मागच्या बाजूनेही काढून घेतात. रस्त्याने जाणाऱ्या मतदारालाही विकास दिसला पाहिजे, बसलेल्यानेच का बघावा?

२०१७ साली महापालिकेची निवडणूक चार सदस्यांच्या प्रभागाने झाली. ४१ प्रभाग, १६२ नगरसेवक. दोन प्रभाग तिघांचे, बाकीचे चौघांचे. एका गल्लीला एकदम चार मायबाप मिळाले, आणि चौघेही एकाच पक्षाचे असतील याची हमी नव्हती. गल्लीत खड्डा असला तर तो चौघांपैकी नेमका कोणाचा, हे शेवटपर्यंत ठरत नसे. पेव्हर ब्लॉक बसले की मात्र तासाभरात ठरत असे आणि फलकही उभा राहत असे. त्यावर ‘संकल्पना’ या शब्दापुढे नगरसेवकांचे नाव. पादचाऱ्याने पदपथावरून चालावे ही एवढी मूलगामी कल्पना शहराला सुचली कोणामुळे, याची नोंद इतिहासात राहायला हवी.

या सगळ्याला पैसा पुरवते ती महापालिकेची ‘स’ यादी. अंदाजपत्रकाच्या जाडजूड ग्रंथात शेवटी येणारी, नगरसेवकांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेल्या कामांची ही यादी. बाकीचा ग्रंथ आयुक्त लिहितात, स्थायी समिती त्यात भर घालते, सर्वसाधारण सभा त्यावर दिवसचे दिवस भाषणे करते. वाचला जातो तो मात्र एवढाच भाग. याच यादीतून वर्षानुवर्षे कापडी पिशव्या वाटल्या गेल्या, कचऱ्याच्या बादल्या वाटल्या गेल्या, सोसायट्यांच्या नावांचे फलक आले आणि बाकडी तर विचारूच नका. प्लास्टिकबंदीमुळे पिशवीला पर्यावरणाचे अधिष्ठान मिळाले. कचऱ्याच्या वर्गीकरणामुळे बादलीला स्वच्छतेचे मिळाले. पिशवीवर कोणाचा फोटो होता हे इथे सांगण्याची गरज नाही.

महापालिकेत मात्र ‘वर्गीकरण’ म्हटले की कचरा कोणाला आठवत नाही. तिथे वर्गीकरण होते ते पैशाचे. एखाद्या मोठ्या प्रकल्पासाठी ठेवलेली तरतूद खर्ची पडली नाही, की फेब्रुवारी-मार्चमध्ये ती उचलून प्रभागातल्या कामांकडे वळवायची. प्रकल्पाला जागा मिळत नाही, परवानगी येत नाही, निविदा अडकते. प्रभागातल्या पदपथाला या अडचणी नसतात, कारण तो तिथे आधीपासूनच असतो. मग कनिष्ठ अभियंता पूर्वगणनपत्रक तयार करतो, निविदेच्या मर्यादेत बसतील असे कामाचे तुकडे पडतात, आणि ३१ मार्चच्या आत चांगल्या फरशा निघून त्याहून नव्या फरशा बसतात. पुण्यात वसंत ऋतू आला हे कोकिळेच्या आधी ब्रेकरच्या आवाजावरून कळते.

कायदा काय म्हणतो, असा कोणी रसभंग करील, तर कायदा पुरेसा स्पष्ट आहे. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ आहे आणि कलम ६६ आहे. पाणीपुरवठा, सांडपाणी, झाडलोट, दिवाबत्ती, रस्ते ही सगळी ६३ व्या कलमात. ती महापालिकेने केलीच पाहिजेत. ६६ व्या कलमातली कामे ऐच्छिक, म्हणजे हौस आणि ऐपत असेल तर करायची. कायदा लिहिणाऱ्यांच्या हातून एकच गोष्ट निसटली. सक्तीच्या कामांपैकी बरीचशी जमिनीखाली असतात, आणि जमिनीखाली पाटी लावता येत नाही.

पाटीचे सामर्थ्य खऱ्या अर्थाने कळते ते आचारसंहितेच्या दिवसांत. १४ मार्च २०२२ रोजी पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली. दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक झाले. म्हणजे स्थायी समितीने आयुक्तांचा प्रस्ताव तपासायचा, तर स्थायी समितीही आयुक्तच आणि सर्वसाधारण सभाही आयुक्तच. इतके एकमत या महापालिकेने पूर्वी कधी पाहिले नव्हते. प्रभागरचना आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांवरून निवडणूक न्यायालयात अडकली, ती जवळपास चार वर्षे. अखेर १५ डिसेंबर २०२५ रोजी राज्य निवडणूक आयोगाने कार्यक्रम जाहीर केला आणि आचारसंहिता लागली. आचारसंहिता लागली की पहिले काम ठरलेले: कर्मचारी कापड, कागद आणि रंगाचे डबे घेऊन निघतात आणि नावे झाकू लागतात. या वेळी त्यांनी झाकली ती जवळपास चार वर्षांपूर्वीच पायउतार झालेल्यांची नावे. पदे गेली, दालने गेली, गाड्या गेल्या. मतदारावर प्रभाव टाकण्याची शक्ती सिमेंटात तशीच शिल्लक होती, असे खुद्द निवडणूक यंत्रणेनेच मान्य केले. एवढे टिकाऊ बांधकाम पुण्यात दुसरे झालेले नाही.

हे उगाच म्हटलेले नाही. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जेमतेम दीड दशक टिकला. बांधला वाहतूक कोंडी सोडवायला. पाडला तोही वाहतूक कोंडी सोडवायला. जुलै २०२०, टाळेबंदीचे दिवस, रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. पुणे विद्यापीठ चौकाची कोंडी सुटलेली पाहण्याचा तेवढाच योग होता, आणि नेमका तेव्हाच पूल पाडायला घेतला. मग तिथे खाली वाहने आणि वर मेट्रो असा दुमजली पूल आला. त्याची एक बाजू ऑगस्ट २०२५ मध्ये खुली झाली. पहिला पूल बांधताना मेट्रो येणार हे माहीत नव्हते, असे सांगितले जाते. जलद बससेवेचेही तेच. देशातला पहिला बीआरटी मार्ग कात्रज-स्वारगेट-हडपसर असा पुण्यातच, २००६ साली धावला. नगर रस्त्यावरचा मार्ग २०१६ मध्ये सुरू झाला आणि दहा वर्षे पुरी व्हायच्या आत उखडलाही. बसथांबे रस्त्याच्या मधोमध असल्याने त्यांच्यावर पाट्या लावणे अवघड होते, हे कारण अहवालात नाही.

नदीची गोष्ट थोडी सावकाश सांगण्यासारखी आहे, कारण तीही सावकाशच घडते. मुळा-मुठेत मैलापाणी जाते, ते थांबवायला हवे, हे सर्वांना मान्य आहे. त्यासाठी ९९० कोटींची योजना केंद्राने दहा वर्षांपूर्वी मंजूर केली. जपानच्या जायका संस्थेचे कर्ज, ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे. जपानी पैसा आला, जपानी वक्तशीरपणा वाटेत कुठे उतरला ते कळले नाही. जागा, सल्लागार, निविदा, फेरनिविदा असे करता करता सहा वर्षे गेली आणि खर्चाचा आकडा १,४७० कोटींच्या पुढे गेला. दरम्यान कोणाच्या तरी लक्षात आले की नदीला काठही असतो. पाण्यापेक्षा काठ बरा: तो वाहून जात नाही, त्यावर चालता येते, फोटो काढता येतो. मग ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधारणेचा आराखडा झाला. ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दोन्ही कामांचे एकाच समारंभात भूमिपूजन झाले, नदीच्या शुद्धीकरणाचेही आणि काठाच्या पहिल्या नऊ किलोमीटरचेही. नगरसेवकांची मुदत संपायला तेव्हा आठ दिवस होते. मुहूर्त एकच, पण वाढ वेगवेगळी. बंडगार्डनजवळ काठाचा नमुना पाहायला मिळू लागला. फरसबंदी आहे, पायऱ्या आहेत, बसायला जागा आहे. पायऱ्या उतरून गेले की खाली नदीही आहे. तिच्या वासाचा अंदाजपत्रकात वेगळा उल्लेख नाही.

आणि पाणी? पाण्यावर मात्र पुणे महापालिकेने देशाला धडा घालून दिला. चोवीस तास समान पाणीपुरवठा योजनेसाठी महापालिकेने कर्जरोखे काढले. २२ जून २०१७ रोजी मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंदणी झाली. २०० कोटी रुपये, व्याजदर ७.५९ टक्के, मुदत दहा वर्षे. बऱ्याच वर्षांनी एखादी महापालिका रोखेबाजारात उतरली म्हणून मोठे कौतुक झाले. पुढे दोन महिन्यांतच निविदा चढ्या दराने आल्याचा गाजावाजा होऊन त्या रद्द झाल्या. कर्ज हजर, काम गैरहजर. व्याज सुरू झाले होते, पाणी व्हायचे होते. एरवी माणूस घर बांधायला कर्ज काढतो. इथे कर्ज आधी काढून मग घर बांधावे का, यावर चर्चा बसली. पुन्हा निविदा निघाल्या, पुढच्या वर्षी काम सुरू झाले. ८० हून अधिक टाक्या, दीड हजार किलोमीटरहून अधिक जलवाहिन्या, तीन लाखांच्या आसपास मीटर. पाच वर्षांत पुरे व्हायचे होते. टाक्या उभ्या राहिल्या, त्या दिसतात, त्यांच्यावर रंगरंगोटीही करता येते. जलवाहिन्यांचे काम मागे पडले. ‘रस्ता आत्ताच केला आहे, खोदू देणार नाही’ ही तक्रार पुण्यात पाणीपुरवठा विभागाला जितक्या वेळा ऐकावी लागते तितकी ‘पाणी येत नाही’ हीसुद्धा लागत नसेल. शहरातल्या बहुतेक घरांत चोवीस तास पाणी अजून नाही, पण दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद राहील, ही सूचना नियमित येते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे भरली की नदीत पाणी सोडल्याची बातमी येते, तीही नियमित.

सगळ्यात वाईट हाल समाविष्ट गावांचे. २०१७ मध्ये ११ गावे महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३. कर महापालिकेचा सुरू झाला, पाणी टँकरचे राहिले. या भागांत फिरणाऱ्याला वाटेल की इथे तरी जमिनीखालची कामे आधी झाली असतील, कारण वर अजून काहीच नाही. तसे नाही. जलवाहिनीचा आराखडा, त्याला मंजुरी, त्याला निधी, त्यात भूसंपादन, हा सगळा घोळ कित्येक वर्षांचा. टँकर मात्र फोन केला की येतो. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर सभागृहात १६५ नगरसेवक आले आहेत. प्रभाग ४१ च. चाळीस प्रभाग चौघांचे, एक पाच जणांचा. फलक लावायला टँकरला डावी, उजवी आणि मागची अशा तीन बाजू मिळतात, चौथी ड्रायव्हरच्या काचेवरची पट्टी. पाचव्यासाठी काय करायचे, हे त्या एका प्रभागाने ठरवायचे आहे.