अँटिक हवंय, जुनं नको

लातूरच्या गंजगोलाईत १६ रस्ते मिळतात. त्यातल्या सराफांच्या रस्त्यानं लग्नसराईत आजीची पेटी निघते. तळाशी निजामाची अशरफी: चारमिनार कोरलेली, ११ ग्रॅमच्या आसपास. १९४८च्या सप्टेंबरात राज्य गेलं, ७२चा दुष्काळ आला, तरी घरानं ती मोडली नव्हती. आता ती मुशीत जाते, कारण नातीला पुतळ्यांची माळ हवीय. अँटिक! म्हणजे यंत्रानं ठोकलेल्या पातळ चकत्या आणि वर मुद्दाम चढवलेली काळपट झाक. खरं जुनेपण घटीत कापून जातं, खोट्या जुनेपणाला मजुरी लागते. वर ३ टक्के जीएसटी, सरकारचा आहेर उलटा.

मुळात पुतळी म्हणजे नाण्यांचीच माळ. व्हेनिसची सोन्याची नाणीसुद्धा आपल्याकडे अशीच गळ्यात गेली. त्यावरचा संत मार्क कोण, हे एकाही सासूनं विचारलं नाही.

नांदेडच्या सराफ्यात एखादा म्हातारा कारागीर अजून सुचवून बघतो, "वितळवू नका बाई. वरून कडी डाखून देतो, पटव्याकडून गाठवून घ्या."

बाई अशरफी उलटसुलट करून बघतात.

"नको काका. ही लईच जुनी दिसायली."