पुढील तपास चालू आहे

अमली पदार्थाच्या बातमीचा फोटो ठरलेला असतो. टेबलावर हिरवं कापड, कापडावर ओळीने मांडलेली पाकिटं, कडेला वजनकाटा, मागे आठ-दहा साहेब ताठ उभे आणि पुढ्यात काळे बुरखे घातलेले दोघे उकिडवे. मजकूरही ठरलेला. गोपनीय बातमीदाराकडून खात्रीलायक बातमी मिळाली, सापळा रचला, सदर इसमांना ताब्यात घेतलं, इतक्या कोटींचा मुद्देमाल हस्तगत, पुढील तपास चालू आहे. प्रेस नोट संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येते, सकाळी पेपरात असते. वार्ताहराने वर आपलं नाव घातलं की झाली शोधपत्रकारिता.

आम्ही जासईकर हे फोटो जरा आपलेपणाने बघतो. माल बऱ्याचदा आमच्याच दारावरून गेलेला असतो. शेजारी न्हावा-शेवा बंदर, अवतीभवती कंटेनरची यार्डं, नाक्यावर ट्रेलरची रांग. ऑगस्ट 2020 मध्ये याच बंदरात 191 किलो हेरॉइन सापडलं. बांबूसारखे रंगवलेले प्लास्टिकचे पाइप, आत पावडर, कागदावर आयुर्वेदिक औषध. जुलै 2021 मध्ये जवळपास 300 किलो, ते पंजाबात तरन तारनला निघालेलं. सप्टेंबर 2022 मध्ये 20 टनांच्या वर ज्येष्ठमध, त्याच्या काड्यांवर हेरॉइनचा लेप, किंमत 1725 कोटी. आमच्या आज्या खोकल्यावर ज्येष्ठमध चघळायला द्यायच्या, तेव्हा त्याला एवढा भाव नव्हता. पुढच्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या फळांच्या पेट्यांत 50 किलो कोकेन. आयुर्वेद झाला, फलाहार झाला, आता उपवासाचे पदार्थ तेवढे राहिलेत.

पकडणारे कोण, तेही बघा. कधी महसूल गुप्तचर संचालनालय, म्हणजे डीआरआय. ज्येष्ठमधाला दिल्ली पोलीस आले. जुलै 2022 मध्ये पनवेलजवळच्या एका यार्डात कंटेनरच्या दरवाजातून 72 किलो हेरॉइन निघालं, त्याची खबर पंजाब पोलिसांनी दिली. दुबईहून आलेला तो कंटेनर कित्येक महिने बेवारस पडून होता. पनवेलच्या यार्डात काय पडलंय हे चंदीगडला कळतं, पनवेलला कळत नाही. पोलिसांच्या नजरेबद्दल आमची तशी तक्रार नाही म्हणा. जानेवारी 1984 मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या मागे संपादित जमिनीचा भाव मागायला निघालेला शेतकरी त्यांना दास्तान फाट्यावर बरोबर दिसला होता. पोलिसांच्या गोळीबारात दोन दिवसांत पाच हुतात्मे झाले. शेतकरी दिसतो, चाळीस फुटी लोखंडी डबा दिसत नाही.

एक मान्य करतो. वर्षाला वीस फुटी मापाने 60 लाखांच्या वर कंटेनर हाताळणारं बंदर प्रत्येक डबा उघडून बघू शकत नाही. जे पकडतात त्यांना सलामच. पण डबा बंदरातून बाहेर पडेपर्यंत आयातीचा कागद, एजंटाची सही, कस्टमचा शिक्का, सील, गेटपास अशी टेबलामागून टेबलं लागतात. जासईच्या शेतकऱ्याला संपादित जमिनीच्या बदल्यातला साडेबारा टक्क्यांचा भूखंड मागायला जायचं तर सातबारा हवा, वारस दाखला हवा, आणि वारसांत एखादी आत्या राहिली असेल तर तिची सहीही हवी. आत्या सापडेपर्यंत फाइल हलत नाही. एवढी चिकाटी त्या टेबलांवर कुठे जाते? 2020 च्या प्रकरणात पहिली अटक दोन कस्टम एजंटांना झाली. एजंट खिडकीच्या अलीकडे असतो. पलीकडे कोण बसलं होतं, हे प्रेस नोटेत येत नाही.

पलीकडचं दिसायला मोठा घोळ व्हावा लागतो. ललित पाटीलचंच घ्या. मेफेड्रोनच्या गुन्ह्यातला येरवड्याचा कैदी पुण्याच्या ससून रुग्णालयात, 16 नंबरच्या वॉर्डात, महिनोन्‌महिने पाहुणचार घेत होता. 30 सप्टेंबर 2023 ला रुग्णालयाच्या दारातच दोन कोटींचं मेफेड्रोन पकडलं गेलं. लगेच, 2 ऑक्टोबरला, पाहुणा पोलीस पहाऱ्यातून चालता झाला. मग नाशिकजवळ शिंदे गावात कारखाना सापडला. तो शोधला मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी, नाशिकच्या नव्हे. पाटीलला बेंगळुरूजवळ धरून आणलं तेव्हा कॅमेऱ्यांसमोर तो ओरडला, मी पळालो नाही, मला पळवलं गेलं. मग काही पोलीस निलंबित झाले, पुढे काही बडतर्फ, ससूनच्या अधिष्ठात्यांचं पद गेलं. पण कैद्याला इतके दिवस रुग्णालयात ठेवा, असं कागदावर कोण लिहीत होतं, हा प्रश्न पत्रकारांनी पाखरू उडायच्या आधी विचारला असता तर त्याला शोधपत्रकारिता म्हणालो असतो. नंतर विचारला. त्याला तेराव्याचं जेवण म्हणतात.

फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळ कुरकुंभच्या एमआयडीसीतला कारखाना उघडा पाडला, मेफेड्रोन किलोंत नाही, क्विंटलमध्ये मोजावं लागलं. एमआयडीसीत पिठाची गिरणी टाकून बघा. भूखंड, पाणी, वीज, प्रदूषण मंडळ, अग्निशमन, कारखाने निरीक्षक. इतक्या खात्यांच्या नाकाखाली रसायन शिजत होतं आणि वास कुणालाच आला नाही. सर्दीची साथ असावी.

गोव्यात तर पत्रकारांचं काम एका परदेशी बाईने केलं. 2010 मध्ये 'अटाला' नावाने ओळखल्या जाणाऱ्या इस्रायली विक्रेत्याला त्याच्या प्रेयसीने चोरून चित्रित केलं. माल पोलिसांकडूनच मिळतो, अशी फुशारकी तो त्यात मारत होता. क्लिप इंटरनेटवर आली, अधिकारी-शिपाई निलंबित झाले, अटका झाल्या, गृहमंत्र्यांच्या घरापर्यंत आरोप गेले, सीबीआय आली, विधानसभेची समितीसुद्धा बसली. ही सगळी धावपळ प्रेमभंगातून. आपल्या पत्रकारितेचा असा कुणी प्रेमभंग केलेला नाही, ही अडचण आहे.

आणि पकडलेला माल? 2015 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्ह पोलीस ठाण्यातल्या हवालदाराच्या लॉकरमध्ये 12 किलो पावडर मिळाली, त्याच्या साताऱ्याकडच्या गावी शंभर किलोंच्या वर. राज्यभर गाजलं. पुढे प्रयोगशाळेचा एक अहवाल आला की हे मेफेड्रोन नाही, अजिनोमोटो आहे. हवालदाराला चायनीजची गाडी टाकायची असेल. मथुरेच्या पोलिसांनी तर 2022 मध्ये कोर्टाला सांगितलं की ठाण्यांत ठेवलेला 581 किलो गांजा उंदरांनी खाल्ला. उंदरांचा जबाब नोंदवला नाही, एवढीच तपासातली त्रुटी.

सरकारचा हात ही काही नवी गोष्ट नाही. कंपनी सरकार माळव्याची अफू मुंबईहून चीनला जाऊ देत असे, 1830 च्या सुमारास पेटीमागे 175 रुपये घेऊन. त्या सरकारचा एक गुण मानायला हवा. ते पैसे पास देऊन घ्यायचं, हिशेबाच्या वहीत लिहायचं.

असाच सरकारी हात दाखवत अमेरिकेत पत्रकार गॅरी वेबने 1996 मध्ये 'सॅन होजे मर्क्युरी न्यूज'मध्ये लिहिलं की निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांशी जोडलेली टोळी लॉस एंजेलिसमध्ये कोकेन विकत होती आणि हे बंडखोर सीआयएच्या मांडीवर बसलेले होते. वेबने काही ठिकाणी हात सैल सोडला होता, हे खरं. पण देशातल्या बड्या पेपरांनी कोकेनपेक्षा वेबच्याच चुका जास्त मन लावून हुडकल्या, त्याच्या पेपराने हात झटकले. दोन वर्षांनी सीआयएच्या स्वतःच्या चौकशीत कबुली आली: अमली पदार्थांचे आरोप असलेल्यांशी संस्थेने संबंध ठेवले होते. आणि 1982 सालचा एक लेखी समझोताही पुढे आला. आपल्या अशा माणसांचे धंदे न्याय खात्याला कळवायचं बंधन त्यामुळे सीआयएवर उरलं नव्हतं. डोळे मिटायचीही तिथे लेखी सोय होती.

आपल्याकडेही आहे. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा 1985, कलम 59. संगनमत करणाऱ्या अधिकाऱ्याला किमान दहा, कमाल वीस वर्षं सक्तमजुरी. कडक आहे ना? आता खालचं पोटकलम वाचा. अशा गुन्ह्याची दखल कोर्टाला घेता येते ती सरकारच्या पूर्वमंजुरीने केलेल्या लेखी तक्रारीवरच. म्हणजे सरकारी माणसाने सरकारी खुर्चीत बसून डोळे मिटले असं सरकारला वाटलं, आणि तसं सरकारने सरकारला कळवलं, तर सरकारच्या परवानगीने विचार होईल.

आमच्या तालुक्याच्या वार्ताहराला हे पोटकलम ठाऊक आहे. पण त्याला मानधन नाही, जाहिरातीवर कमिशन आहे. जाहिरात देणारा यार्डवाला आहे आणि रोजची बातमी देणारं पोलीस ठाणं आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशेंना भर रस्त्यात गाडीखाली चिरडून मारलं, तेही त्याने वाचलंय. तो प्रेस नोटेवर नाव घालतो याबद्दल त्याला हसण्याची माझी हिंमत नाही. मुंबईत वातानुकूलित न्यूजरूममध्ये बसून तीच प्रेस नोट 'एक्सक्लुझिव्ह' म्हणून चालवतात, त्यांना हसतो.

तेव्हा वाचकहो, एक अर्ज तुम्हीच करा. जन माहिती अधिकारी, गृह विभाग, मंत्रालय, मुंबई. विषय एकच ठेवा, मजकूर 150 शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. विचारा: गेल्या दहा वर्षांत एनडीपीएस कायद्याच्या कलम 59 खाली अधिकाऱ्यांवर खटला भरण्याचे किती प्रस्ताव आले, किती मंजूर झाले, किती पडून आहेत? कस्टमसाठी असाच दुसरा अर्ज दिल्लीला टाका. उत्तर आलं की या सदराकडे पाठवा. 'माहिती उपलब्ध नाही' असं आलं तरी पाठवा, अर्जाच्या तारखेसकट छापू.