निवारणभाऊ

निवारणभाऊंनी आजवर एकही तक्रार परत पाठवलेली नाही. अर्जावर तारीख नसली तर ते विचारून टाकतात, सही राहिली असली तर स्वतःचं पेन पुढे करतात, आणि अर्जदार बाईंचा आवाज भरून आला तर उठून माठातलं पाणी आणून देतात. त्यांच्याकडे पोच मागावी लागत नाही. शिक्का मारून, आवक क्रमांक टाकून, "जपून ठेवा ताई, लॅमिनेशन नका करू, शाई फुटते," अशा सूचनेसह ती आपोआप हातात येते. त्यांचं खरं नाव टेबलावरच्या पाटीवर आहे, पण पाटीपुढे फायलींची चळत असल्यामुळे ते सहसा कुणाला वाचता येत नाही. तक्रार निवारणाचं टेबल त्यांच्याकडे, म्हणून अर्जदार पालकांनी ठेवलेलं नाव चालतं.

सिव्हिल लाइन्समध्ये सरकारी कार्यालयांना तोटा नाही. त्यातलं त्यांचं कोणतं, ते मी सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही, कारण शाळेत मागे पडणाऱ्या दिव्यांग मुलांच्या आईबापांचे अर्ज जिथे जिथे येतात, तिथे एक निवारणभाऊ असतोच. नागपुरात त्याला ओळखायची खूण म्हणजे मे महिन्यात त्याचं टेबल कूलरच्या थेट झोतात असतं. ही जागा ज्येष्ठतेनं मिळते. त्या झोतात टेबलावरचा एकही कागद हलत नाही, कारण प्रत्येक गठ्ठ्यावर पेपरवेट आहे, आणि पेपरवेट संपले तिथे पंचिंग मशीन.

पाठीमागचं लोखंडी कपाट बघण्यासारखं आहे. दारावर ऑइलपेंटनं "अपंग" लिहिलेलं, त्यावर कागद चिकटवून "दिव्यांग", खाली स्केचपेननं "सीडब्ल्यूएसएन", आणि कुठल्याशा प्रशिक्षणातून आलेला "समावेशित शिक्षण" असा स्टिकर. कपाट तेच आहे, आणि ते उघडताना दार गुडघ्यानं दाबावं लागतं हेही तसंच आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले. त्यात स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली, सिकलसेल आला. निवारणभाऊंच्या नोंदवहीचे रकाने मात्र जुन्या छपाईचे: अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग, मतिमंद आणि इतर. मग डिस्लेक्सियाचं पोरगं, ऑटिझमची मुलगी, सिकलसेलमुळे महिन्यातून आठ दिवस गैरहजर राहणारा मुलगा, सगळे "इतर"च्या अर्ध्या इंचात दाटीवाटीनं बसतात. विदर्भात सिकलसेलला इतर म्हणायचं म्हणजे धाडसच आहे, पण वह्या अजून शिल्लक आहेत आणि शिल्लक वह्या संपवल्याशिवाय नव्या मागवता येत नाहीत.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "टक्के किती?"

मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाला खेपा घालून आणलेल्या प्रमाणपत्रावर 40 हा आकडा असेल तर मूल लक्षणीय दिव्यांग ठरतं. दहावीला 35 टक्क्यांत सुटका होते, इथे 40 लागतात. एका वडिलांनी 38 टक्क्यांचा कागद दाखवला तेव्हा निवारणभाऊ मनापासून हळहळले. "दोनानं राहिलं न जी! पुन्हा बसवून पाहा त्याले." वास्तविक 40 ची अट 6 ते 18 वयाच्या मोफत शिक्षणाच्या कलम 31 ला आहे. शाळेनं मुलाला सामावून घ्यावं, त्याची अडचण लवकर ओळखावी, त्याला लागेल ती मदत द्यावी, असं सांगणाऱ्या कलम 16 मध्ये टक्क्यांचा उल्लेखच नाही. निवारणभाऊंना हे माझ्या आधीपासून ठाऊक आहे. पण प्रमाणपत्र जोडलं की फाईल भरल्यासारखी वाटते, असं त्यांचं म्हणणं.

दिघोरीच्या एका बाईंचा अर्ज मी त्यांच्या टेबलावर पाहिला. मुलगा चौथीत. तोंडी विचारलं तर धडा सांगतो, वाचायला दिलं की घ आणि ध पाशी अडतो, ओळ सुटते, मग पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघतो. मागणी दोन ओळींची होती: विशेष शिक्षिका ठरल्याप्रमाणे शाळेत याव्यात आणि चाचणी तोंडी घ्यावी. निवारणभाऊंनी अर्ज दोनदा वाचला, दुसऱ्यांदा तर चष्मा पुसून. मग त्यांनी जे पत्र तयार केलं ते त्या अर्जाच्या तिप्पट लांब होतं. "उपरोक्त विषयान्वये प्राप्त तक्रार अर्ज यासोबत जोडून पाठविण्यात येत असून, आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही करून अर्जदारास परस्पर कळवावे व तसा अहवाल या कार्यालयास सादर करावा." साहेबांची हिरव्या शाईची सही झाली आणि अर्ज निघाला.

तो शाळा निरीक्षकांकडे गेला. त्यांनी हेच वाक्य स्वतःच्या लेटरहेडवर घेऊन मुख्याध्यापकांकडे पाठवलं. मुख्याध्यापकांनी समासात "वर्गशिक्षिका, तात्काळ खुलासा" असं लिहिलं. अशा रीतीनं तक्रार अखेर ज्यांच्या वर्गाबद्दल होती त्यांच्याच हातात पडली, मधल्या सुट्टीत, डबा उघडा असताना. त्या बाई वाईट नाहीत. वर्गात चाळीसच्या वर पोरं, वर निवडणुकीची कामं. त्यांनी डब्याशेजारीच लिहून दिलं: "सदर विद्यार्थ्यास पहिल्या बाकावर बसविण्यात येत आहे." महाराष्ट्रातल्या शाळांत 21 पैकी कुठल्याही दिव्यांगत्वावर पहिला बाक हा रामबाण उपाय आहे. मग तो कागद आला त्याच पायऱ्यांनी वर चढला आणि प्रत्येक पायरीवर थोडा आत्मविश्वास कमावत गेला. मुख्याध्यापकांच्या पत्रात "विशेष लक्ष पुरविण्यात येत आहे" असं झालं, निरीक्षकांच्या पत्रात "तक्रारीत तथ्य आढळून येत नाही". निवारणभाऊंनी त्यावर "दप्तरी दाखल" असा शेरा मारला आणि मासिक विवरणपत्रात प्रलंबित तक्रारींपुढे लिहिलं: निरंक.

"अन् विशेष शिक्षिका?" मी विचारलं.

"तिचा विषय वेगळा आहे," ते म्हणाले. "तिची स्वतःची तक्रार त्या खालच्या कप्प्यात आहे."

आणि ते खरं होतं. हे विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटी राहिले, मानधनासाठी मोर्चे काढत राहिले. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2021 मध्ये प्रमाण घालून दिलं: प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे 1 विशेष शिक्षक, उच्च प्राथमिक आणि माध्यमिकला 15 मागे 1. राज्यानं 2024 मध्ये पदं मंजूर केली ती 4,860, म्हणजे शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक. आणि एका केंद्राखाली कितीतरी शाळा असतात. यावर निवारणभाऊंचं भाष्य मी लिहून ठेवलं आहे: "कोर्टानं पोरं मोजली, शासनानं केंद्रं मोजली. हिशेब दोघायचाही बरोबर आहे."

त्यांची ही समदृष्टी सगळीकडे चालते. माझी मावसबहीण इंग्लंडात असते, तिच्या मुलीला अशीच मदत लागते. तिथे 2014 च्या कायद्यानं कौन्सिलला अशा मुलाची योजना 20 आठवड्यांत तयार करून द्यावी लागते, आणि अलीकडे निम्म्याच्या आसपास योजना मुदतीत होत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. वाटलं होतं, साहेबाच्या देशातलं ऐकून त्यांना वाईट वाटेल. त्यांनी बोटांवर हिशेब केला. "20 आठवडे म्हणजे 140 दिवस. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यात कलम 32, तीन महिन्यांत निकाल. आपण पुढं आहो." मग मी म्हटलं, तिथे लोकपाल असतो, तो चूक शोधतो आणि कौन्सिलला पालकांची लेखी माफी मागायला लावतो, कधी थोडेफार पौंडही द्यायला लावतो. निवारणभाऊ पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"लेखी माफी? साहेबानं?" जरा वेळानं म्हणाले, "त्याचा नमुना कोणता आहे?"

डिसेंबरात अधिवेशन नागपुरात आलं की या माणसाचं रूप पालटतं. एरवी पाचच्या ठोक्याला पिशवी उचलणारे निवारणभाऊ रात्री नऊपर्यंत बसतात. विधानभवनातून तारांकित प्रश्न येतो: जिल्ह्यात विशेष गरजा असलेल्या किती बालकांना साहित्य मिळाले, किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या? दोन तासांत माहिती जाते, बिनचूक टंकलेली. तिकडे विशेष शिक्षकांचा मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला पोलिसांनी अडवलेला असतो आणि इकडे त्यांच्याच कामगिरीचे आकडे मोटारसायकलवरून विधानभवनाकडे रवाना होतात. एकदा शिपाई मोर्च्यात अडकला आणि आकडे वेळेत पोचले नाहीत. त्या दिवशी मात्र निवारणभाऊ खरंच अस्वस्थ होते. जेवले नाहीत.

मारबतीबद्दल त्यांचं मत चांगलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, सोबत बडगे निघतात. महागाईचा, खड्ड्यांचा, भ्रष्टाचाराचा, ज्या वर्षी जे छळेल त्याचा पुतळा करून सगळं शहर ओरडत इतवारीतून जातं आणि शेवटी तो जाळतं. शंभराहून अधिक वर्षं नागपूरकर आपली गाऱ्हाणी अशी निकाली काढत आले आहेत, तीही त्याच दिवशी. निवारणभाऊंचा आक्षेप तांत्रिक आहे. "आवक क्रमांक नाही, पोच नाही, अन् मूळ प्रतच जाळून टाकतेत. उद्या कोणी माहिती अधिकारात मागितली तं?"

दिघोरीच्या बाई तीन महिने उलटल्यावर पुन्हा आल्या. या वेळी त्या तयारीनं आल्या होत्या. मुलाची वही, सगळ्या पोचा, आणि शाळेच्या कॅलेंडरवर शिक्षिका न आलेले दिवस लाल पेननं गोल करून आणलेले. मुलगाही सोबत होता. तो समोरच्या खुर्चीवर बसून पेपरवेटमधल्या काचेच्या फुलाकडे बघत होता. मला वाटलं, आता भांडण होणार. बाईंनी सरळ विचारलं, "भाऊ, सुनावणी घेतल्याशिवाय निकाल कसा लागला?"

निवारणभाऊंनी कॅलेंडर हातात घेतलं. एकेक लाल गोल ते मोजत गेले आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी न पाहिलेलं काहीतरी उमटलं. तो पश्चात्ताप नव्हता. ते कौतुक होतं. इतकं नीटनेटकं सहपत्र त्यांच्या टेबलावर कितीतरी दिवसांत आलं नव्हतं.

"ताई, मुद्दा तुमचा पक्का आहे," ते आवाज खाली आणून म्हणाले. "कलम 32 मध्ये म्हणणं मांडायची संधी द्या लागते. नाही दिली आपण. आता असं करा, आयोगाकडं अपील टाका. राज्य बाल हक्क संरक्षण आयोग, मुंबई. एक प्रत दिव्यांग कल्याण आयुक्त, पुणे. त्यायले दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, इथून पळता येत नाही. लोकशाही दिनासाठी वेगळा अर्ज करा, पहिल्या सोमवारी असते तो, पण पंधरा दिवस आधी द्या लागते." आणि मग, कूलरच्या झोतात, मुलाच्या हातातला पेपरवेट न काढता, निवारणभाऊंनी स्वतःच्या कार्यालयाविरुद्धच्या अपिलाचा मसुदा स्वतः सांगितला. बाई लिहीत होत्या. "'हेतुपुरस्सर दुर्लक्ष' लिहू नका, सिद्ध करा लागते. 'कर्तव्यात कसूर' लिहा." त्या मसुद्यात त्यांच्या दोन पत्रांचे जावक क्रमांक होते, पाठ असलेले.

माझ्या माहितीतलं सर्वांत चांगलं कायदेशीर मार्गदर्शन शहरात कुठे फुकट मिळत असेल तर ते इथेच. ते द्यायची फुरसत त्यांना असते आणि त्याच फुरसतीत शाळेला एक फोन करता येतो, हे मी बोलून दाखवलं. "फोनची नोंद राहत नाही," ते म्हणाले.

अपील मुंबईला गेलं. मुंबईहून "वस्तुनिष्ठ अहवाल सादर करावा" या शेऱ्यासह परत नागपूरला आलं, साहेबांकडे, आणि साहेबांच्या टेबलावरून, दुसरं कुठे जाणार, निवारणभाऊंकडे. मी तिथे होतो. त्यांनी लिफाफा फोडला, आपलीच वाक्यं ओळीनं वाचली, दोन ठिकाणी मान हलवली. आयोगाचा शिक्का बसल्यामुळे फाईल आता टिपणीसह वर जाणार होती, बाईंना सुनावणी मिळणार होती, आणि त्या भीतीनं विशेष शिक्षिका लागोपाठ दोन गुरुवार शाळेत येऊनही गेल्या होत्या. बाई हे सांगायलाच आल्या होत्या. तिसऱ्या गुरुवारची खात्री नव्हती, पण त्या दोन गुरुवारांत पोरानं अर्धं पान न थांबता वाचलं होतं.

"छान झालं," निवारणभाऊ म्हणाले. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी अपिलाचं तिसरं पान बाईंसमोर सरकवलं. "पण ताई, परिशिष्ट ब वर तुमची सही राहिली न. माझ्या लक्षात कसं नाही आलं? मले आता त्रुटी काढा लागते."