परीक्षेला लेखनिक, वर्गात काय?

अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला आपण परीक्षेत लेखनिक देतो, तासामागे २० मिनिटं जादा देतो आणि हात झटकून मोकळे होतो. पेपर तीन तासांचा. त्याआधी वर्षभर तो वर्गात बसतो, त्याचं काय? उत्तर लिहून द्यायला माणूस मिळतो. पण ते उत्तर जिथे शिकायचं, तिथे त्याच्या हाती काहीच नसतं.

अर्थशास्त्राचा तास घ्या. सर मागणीची लवचिकता शिकवतायत. डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अक्षमता, असलेली मुलगी 'लवचिकता' लिहायला घेते. वेलांटी पहिली की दुसरी, 'च' आधी की 'क', यात ती अडकते, तोवर सर तीन वाक्यं पुढे गेलेले असतात. विषय तिला कळलेला असतो. तोंडी विचारा, उदाहरणासकट सांगेल. ऐकायचं, त्यातलं महत्त्वाचं निवडायचं आणि लिहायचं, हे सगळं एकदम तिला जमत नाही. तास संपतो तेव्हा वहीत चार तुटके शब्द असतात आणि कपाळी शिक्का बसतो: अभ्यासात लक्ष नाही.

यावर साधन आहे आणि ते नवंही नाही. लाइव्हस्क्राइब कंपनीचं स्मार्टपेन २००८ मध्ये बाजारात आलं. टोकाशी बारीक कॅमेरा, आत रेकॉर्डर, आणि वहीचा कागद जेमतेम दिसणाऱ्या ठिपक्यांचा. मुलीने नुसतं 'लव' लिहिलं तरी भागतं. घरी त्या 'लव'वर पेन टेकवलं की ती अक्षरं लिहिताना सर जे बोलत होते, तेच ऐकू येतं. खरी सोय इथे आहे. नुसतं रेकॉर्डिंग केलं तर पन्नास मिनिटांचा तास पुन्हा पन्नास मिनिटं ऐकावा लागतो. खूण असली की हवी तेवढी दोन मिनिटं ऐकता येतात. पेन परवडत नसेल तर लॅपटॉपवरचं वननोटही लिहिलेल्या ओळीला आवाज जोडतं. बोललेलं मराठी टाइप करून देण्याची गूगलची सोय २०१७ पासून आहे. मराठी-इंग्रजी मिसळून शिकवलं की ती अडखळते, पण कोऱ्या पानापेक्षा अडखळता मजकूर केव्हाही बरा.

मग अडतं कुठे? परवानगीत. रेकॉर्डिंग करू का विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "मग सगळेच मागतील." मागू देत! तास पुन्हा ऐकल्याने कुणाचं काय बिघडतं? तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरेल ही शिक्षकांची धास्ती रास्त आहे. त्यासाठी फक्त स्वतःच्या अभ्यासाला वापरेन, असं लेखी घ्या. आयतं मिळायची सवय लागेल, हे मात्र पटत नाही. दिवसभराचे तास घरी पुन्हा ऐकायला बसणाऱ्या मुलीला आयतं काय मिळालं?

कायद्यातही मोठी फट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. त्याच्या कलम १७ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला पुस्तकं आणि साहाय्यक साधनं मोफत मिळायला हवीत, पण वयाच्या १८ वर्षांपर्यंतच. अठराव्या वर्षी मुलं पदवीच्या पहिल्या वर्षाला येतात. लिहिण्या-वाचण्याचा भार जिथे वाढतो, तिथेच मदतीचा हात सुटतो. ब्रिटनमध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचा खास भत्ता उच्च शिक्षणासाठीच आहे. आपल्याकडेही वाजवी सोयीसुविधांचं तत्त्व अठराव्या वर्षी संपत नाही. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवाराला लेखनिकाचा हक्क दिला आणि ४० टक्क्यांची अट आडवी येऊ दिली नाही. परीक्षेला लागू असलेलं तत्त्व वर्गाला का नको?

सरकारने अठराची मर्यादा काढावी. तोवर महाविद्यालयांनी थांबू नये. प्रवेशाच्या वेळी प्रमाणपत्र दाखवलं की रेकॉर्डिंगची परवानगी लेखी द्यावी. नोट्स झेरॉक्सचे फोटो काढून पाठवू नयेत, टाइप केलेली फाइल द्यावी. वाचून दाखवणारी साधी अ‍ॅप्स फोटोपुढे मुकी होतात. तासाचे मुद्दे आदल्या दिवशी द्यावेत. यातल्या एकाही गोष्टीला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. प्राचार्यांचं एका पानाचं परिपत्रक पुरतं. ते पुढचं सत्र सुरू होण्याआधी निघालं पाहिजे.