ओसाड माळाची पाटीलकी

जुलै लागला की आपल्याकडे दोन ठिकाणी खड्डे पडतात. रस्त्यात आणि माळावर. रस्त्यातले बुजवायचं कंत्राट निघतं, माळावरचे खणायचं.

परवा बारामतीच्या पुढे एका माळावर असा सोहळा पाहिला. जेसीबीने ओळीत घेतलेले खड्डे, मंडप, शाल-श्रीफळ, पाण्याच्या बाटल्या आणि ट्रॅक्टरभर गिरिपुष्पाची रोपं. एका रोपाला अकरा हात लागले. वीस पावलांवर एक टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत होती. खडेगोट्यांत, उघड्यावर, खड्यांसारखीच दिसणारी तिची चार अंडी होती आणि चुन्याची फक्की त्यांना वीतभर अंतर ठेवून गेली होती. "ही का कोकलतेय?" एका कार्यकर्त्याने विचारलं.

पर्यावरण वाचवणाऱ्यांवर ओरडतात का असं?

ओसाड गावची पाटीलकी कुणालाच नको असते. ओसाड माळाची मात्र सगळ्यांना हवी. वन खात्याला झाडांसाठी, उद्योगाला शेडसाठी, वीजवाल्यांना पॅनेलसाठी. कारण कागदावर तिथे काहीच नसतं. सातबारावर 'पोटखराबा', दिल्लीच्या नकाशात 'वेस्टलँड'. त्या खराब्यावर हजारो मेंढरांची पोटं भरतात, ही नोंद करायला सातबाऱ्यात रकाना नाही.

वनाच्छादनाचा सरकारी हिशेब तर ऐकण्यासारखा आहे. उपग्रहाला एका हेक्टरावर दहा टक्के झाडोरा दिसला की ते वनाच्छादन. मग ती कुणाची आमराई असली तरी चालते. माळावर शंभर टक्के पवना, मारवेल, कुसळी डुलत असेल तर? शून्य.

उपग्रहाच्या पायमोज्यात कुसळं घुसत नाहीत, त्याला काय कळणार!

"पण इथे पूर्वी घनदाट जंगलच होतं ना?" हा प्रश्न येतोच. शाळेत आपल्याला तसंच शिकवलं. दिग्विजय पाटील आणि आशीष नेर्लेकर या अभ्यासकांनी जुनं मराठी वाङ्मय, आख्यानं, लोकगीतं धुंडाळली आणि त्यांतली झाडंझुडपं मोजली. २०२५ मध्ये निष्कर्ष छापून आला: पश्चिम महाराष्ट्रातला हा गवताचा, बाभळी-तरवडाचा मुलूख किमान साडेसातशे वर्षं असाच आहे. माळ माळच होता. म्हणजे ग्रंथांतल्या मराठीच्या जवळपास वयाचा.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला. माळाला पोटखराबा.

२०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडं लावायचा संकल्प सोडला होता. आकडा देवांचाच निवडला, हे बरं केलं. त्यांचीही शिरगणती कुणी केलेली नाही. गिरिपुष्प हे अशा वेळचं लाडकं झाड. मूळचं मध्य अमेरिकेतलं, भराभर वाढतं, आणि जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. ज्या माळावर जनावरांनी चरायचं, तिथे जनावर खाणार नाही असं झाड लावायचं. याला नियोजन म्हणतात.

बरं, हे सगळं कार्बनसाठी. गवत आपली ठेव जमिनीखाली ठेवतं, मुळांत आणि मातीत. वणवा आला तर वरचं पातं जळतं, खालचं भांडवल बरंचसं शाबूत राहतं. पण मुळांसोबत सेल्फी निघत नाही.

आता माळावरचा पक्षी, माळढोक. नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये कागदावर उमटलं तेव्हा क्षेत्र होतं सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, शेतं आली, जमिनीचे व्यवहार अडकले आणि माणसं बिचाऱ्या पक्ष्यावर चिडली. पुढे क्षेत्र आकसून बाराशेच्या घरात आलं. पक्ष्याने एवढीही वाट पाहिली नाही. पंधरा किलोपर्यंतचा देह, समोरचं धड न दिसणारे डोळे, वाटेत विजेच्या तारा आणि वर्षाला बहुधा एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर. आता नान्नजला एखादी मादी दिसली तरी बातमी होते.

याच पक्ष्याला राष्ट्रीय पक्षी करा, असं सलीम अली म्हणत होते. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. माळढोकाच्या इंग्रजी नावात एक अक्षर चुकलं तर शिवी होते, या धास्तीने तो मागे पडला असं सांगतात. शिवी टळली.

पक्षीही टळला.

लांडग्याचं तर विचारूच नका. वाघासाठी प्रकल्प, याच्यासाठी पाठ्यपुस्तकातला धडा. 'लांडगा आला रे आला' म्हणून पोरगं अजून ओरडतंय. लांडगाच यायचा कमी झालाय.

त्या सोहळ्याच्या कडेला एक म्हातारे धनगर काठीवर हनुवटी टेकून उभे होते. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर माळावर परतायचं, हा त्यांचा शिरस्ता. यंदा परतले तर कुरणावर चर आणि 'चराईबंदी'ची पाटी. कशासाठी हे सगळं, असं त्यांनी विचारलं. "सावलीसाठी, आजोबा," कार्यकर्ता म्हणाला. म्हाताऱ्याने खांद्यावरची घोंगडी सारखी केली. "सावली आमी संगं घिऊन फिरतो, बाबा."

मेंढरं माळ खाऊन टाकतात, हा जुना आरोप. सौर पॅनेलं बहुधा रवंथ करत असावीत.

आणि हो, संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय. आपण ते साजरं करूच. झाडं लावून.

निघताना मागे वळून पाहिलं. मंडप सुटला होता, बाटल्या तिथेच होत्या आणि एक फ्लेक्स वाऱ्याने आडवा पडला होता. 'चला, ओसाड माळ हिरवा करू या!' त्याच्या चारी बाजूंनी पहिल्या पावसाचं गवत घोट्याएवढं आलं होतं. हिरवंगार.